फ्रिजला शेक

निफाडचा पारा घसरला की आम्हा नाशिककरांच्या अंगात थोडा रुबाब चढतो. पेपरात पहिल्या पानावर आकडा छापून येतो, आणि तो आपणच खपून खाली आणला असावा अशा थाटात माणसं तो एकमेकांना ऐकवतात. यंदाही तेच. परवा सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर पहिल्या मजल्यावरचे बापू कानटोपी, मफलर, वर शाल अशा बंदोबस्तात जिन्यात उभे. थंडीचं कौतुक करून झाल्यावर त्यांनी दरवर्षीची आठवण करून दिली, की फ्रिजचं बटण आता एकवर आणून ठेवा, हिवाळ्यात फ्रिजला कामच काय असतं. मी हो म्हटलं. बापूंशी वाद घालण्यात अर्थ नसतो, आणि एके काळी मीसुद्धा अगदी ह्याच मताचा होतो.

त्या मताची किंमत आम्ही एका हिवाळ्यात मोजली. तो हिवाळा तबूकचा होता.

तबूक सौदीत आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्यालाच घाम फुटतो. पण हे गाव उत्तरेला, जॉर्डनच्या अंगाला, उंच पठारावर आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि लोक तो प्लास्टिकच्या कार्डानं खरवडत उभे असतात. आतून मेंढीची लोकर लावलेले पायघोळ फरवे घालून म्हातारे उन्हाच्या तिरिपेत बसतात, मध्ये शेकोटी आणि शेकोटीवर कॉफीची किटली. हवेला लाकडाच्या धुराचा वास येतो. शेतात पाण्याचे फवारे चालू राहिले असतील, तर सकाळी त्यांच्याखालचं गवत काचेचं झालेलं असतं आणि त्यावरून चालताना पायाखाली कुरकुर वाजतं. पहिल्या वर्षी मी आईला फोनवर म्हटलं की इथली थंडी निफाडपेक्षा कडक आहे. तिला ते पटलं नाही, आणि मला वाटतं थोडं वाईटही वाटलं.

माझा धंदाच थंडीचा. पिंपळगावला द्राक्षांच्या शीतगृहात हात बसला आणि तिथून तबूकच्या एका मोठ्या शेतीकंपनीच्या कोल्ड स्टोअरवर गेलो. बटाटा, कांदा, द्राक्षं, सगळं आमच्या ताब्यात. तिथे मला सगळे मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. मी डिप्लोमावाला, पण दुरुस्त करावंसं कधी वाटलं नाही. तिथली एक गंमत सांगतो. हिवाळ्यात सकाळी बाहेर शून्य असायचं आणि बटाट्याच्या खोलीत चार. त्यामुळे माल चढवणारी माणसं ऊब घ्यायला कोल्ड स्टोअरमध्ये शिरायची. बटाटा गोठू नये म्हणून त्या खोल्यांमध्ये आम्ही हिवाळ्यात हीटर लावायचो. म्हणजे बाहेर फार थंडी पडली की थंड ठेवणाऱ्या जागेलाही ऊब द्यावी लागते, हे मला पगार घेऊन माहीत होतं. घरी आलो की मात्र दिव्याखाली अंधार.

ते सौदीकरणाचे दिवस होते. कुठल्या कामावर परदेशी माणूस चालेल आणि कुठल्या नाही, ह्याचे नियम सारखे बदलत. आज मोबाइलची दुकानं, उद्या गाड्यांची, परवा आणखी कसली. बायकामुलांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, फी बसली तशी कुटुंबंच्या कुटुंबं गाशा गुंडाळायला लागली. दर शुक्रवारी कुणाकडे तरी निरोपाचं जेवण असायचं, आणि जेवून परतताना हातात काहीतरी सामान असायचं. जाणारा माणूस कपाट, कुकर, सायकल, कुंड्या असं जे मिळेल ते गळ्यात घालायचा. म्हसळ्याकडचं एक कुटुंब निघालं तेव्हा आमच्या वाट्याला एक जुना, दणकट, दोन दारांचा फ्रिज आला. वर फ्रीझर, खाली बाकी सगळं. चार जणांनी मिळून आणला, आणि मग लक्षात आलं की तो आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत जात नाही. आडवा केला, तिरका केला, दाराची बिजागरी काढली. शेवटी घरमालकाने खालच्या गराजमध्ये ठेवायची परवानगी दिली. त्या गराजला सिमेंटच्या ठोकळ्यांच्या तीन भिंती होत्या आणि पुढे एक शटर, जे खाली पूर्ण टेकायचं नाही.

कंपनीत माझ्या जागेवर सौदी माणूस बसवायचा असं ठरलं होतं. त्याचं नाव नायफ. सव्वीस-सत्तावीसचा, तिथलाच, इंजिनिअरिंग करून दोन वर्षं घरी बसलेला. मी त्याला शिकवायचं आणि जानेवारीअखेर निघायचं, असा हुकूम. मला राग यायचा, आणि रागाची लाजही वाटायची. कारण विशीत असताना सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकापुढे 'भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या' म्हणून घसा कोरडा होईपर्यंत ओरडलेल्यांत मीही होतो. आता समोर उभा होता तो तबूकचा भूमिपुत्र. तत्त्व तेच, फक्त मी फाटकाच्या पलीकडे गेलो होतो.

तर मी शिकवायचो, पण हात राखून. परदेशी माणसं त्या दिवसांत असंच करायची. जे पुस्तकात आहे ते सांगायचं, आणि यंत्राच्या खोडी स्वतःजवळ ठेवायच्या. माझी एक वही होती. कुठला कॉम्प्रेसर कधी रुसतो, कुठल्या खोलीचं दार दोनदा ओढावं लागतं, कुठला काटा खोटं बोलतो, ते सगळं तिच्यात मराठीत लिहिलेलं. मराठीत अशासाठी की दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये. 'दोन नंबर सकाळी खोकतो, घाबरू नये.' अशी वाक्यं. नायफ विचारायचा त्यात काय आहे, आणि मी म्हणायचो घरचा हिशेब आहे. तो हसायचा आणि पुढे विचारायचा नाही.

आणि डिसेंबरच्या मध्याला आमची मुलगी दोन महिने आधी जन्माला आली.

मंजू, म्हणजे माझी बायको, सातव्या महिन्यात माहेरी जाणार होती. तिकीट काढलेलं होतं. पण एका दुपारी तिचं ब्लडप्रेशर इतकं वाढलं की डॉक्टरांनी वाट पाहिली नाही, ऑपरेशन केलं. मुलगी सव्वा किलोची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काचेच्या पेटीत होती, वर उबेचा दिवा, अंगावर नळ्या, आणि डोक्यावर संत्र्याला बसेल एवढी टोपी. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले की बाळ चांगलं आहे, दोन किलो होऊ दे, मग घरी न्या. तोवर आईचं दूध मिळालं तर फार बरं.

दोन किलो. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा आकडा उरला नाही. आणि दुसऱ्या बाजूला जानेवारीअखेर. नोकरी गेली की इकामा जाणार, इकामा गेला की विमा जाणार, आणि काचेच्या पेटीतलं बाळ घेऊन विमानात बसता येत नाही. मुलगी त्याआधी घरी आली पाहिजे, एवढंच आम्हाला हवं होतं.

मंजूला चार दिवसांनी घरी सोडलं. तिच्या आईला व्हिसा मिळेना, म्हणून बाळंतपण फोनवरून चाललं. सासूबाई सकाळी व्हिडिओ कॉलवर यायच्या आणि पहिला प्रश्न, शेक घेतला का. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेकशेगडी करतात. निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेप, धुरी. इथे शेगडी कुठली, आम्ही विजेचा हीटर दाखवायचो. त्यांचं समाधान व्हायचं नाही. बाळंतीण उबेत असली तरच दूध येतं, असं त्या पुन्हा पुन्हा बजावायच्या, आणि मी कॅमेऱ्याला दिसेल असा हीटर मंजूच्या पाठीशी सरकवायचो. दर तीन तासांनी ती पंप लावून बसायची. बाळ तेव्हा नळीनं चमचा-दोन चमचेच घेत होतं, त्यामुळे रोजचं ताजं दूध दवाखान्यात पोचवूनही उरायचं. नर्स म्हणाली, उरलेलं गोठवून ठेवा, पुढे बाळाची भूक वाढेल आणि आईचं दूध कमी पडेल तेव्हा तेच कामी येईल.

गोठवायचं म्हटल्यावर मी छाती पुढे काढली. वरच्या छोट्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा काडेपेटीएवढा, पण खाली गराजमध्ये आपला मोठा फ्रिज आहेच. दिवसभराच्या पिशव्या वरच्या फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि संध्याकाळी मी कामावरून आलो की खाली नेऊन फ्रीझरमध्ये रचायच्या. प्रत्येक पिशवीवर मंजूच्या बारीक अक्षरात तारीख आणि वेळ. फ्रिज बघून मी पहिलं काम काय केलं असेल, तर बटण सातवरून एकवर आणलं. गराजमध्ये एवढी थंडी, उगाच कॉम्प्रेसर कशाला चालवायचा. आमच्या घरी वडील दर दिवाळीनंतर हेच करायचे, आणि होळीला बटण परत वर न्यायचे. हात आपोआप गेला.

तीन आठवडे मी त्या फ्रीझरकडे बघून सुखावत होतो. घरातल्या फडताळात पापडांचे डबे भरलेले दिसले की जसं वाटतं, तसं वाटायचं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी, मी घरी असताना, मंजू पहिल्यांदा जिना उतरून खाली गेली. तिला आपली साठवण बघायची होती. दहा मिनिटांनी मी खाली आलो, तर ती फ्रीझरचं दार उघडं टाकून उभी होती, आणि हातातली पिशवी वाकवून बघत होती. पिशवीतलं दूध हलत होतं. मी दुसरी पिशवी घेतली, तिसरी घेतली. सगळ्या मऊ. मी म्हटलं असं होणार नाही, कालच संध्याकाळी सगळं दगडासारखं होतं, मी स्वतः रचलंय. त्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही रोज संध्याकाळी बघता. मी आज सकाळी बघितलं."

मग तिने मला एक पिशवी दाखवली. तिच्या तळाशी एक कोपरा खाली लोंबल्यासारखा गोठलेला होता, फ्रीझरच्या जाळीचे वळ त्यावर उमटलेले. एकदा वितळून पुन्हा गोठल्याशिवाय असं होत नाही. म्हणजे हे रोज चाललं होतं. रोज सकाळी वितळायचं, संध्याकाळी मी येईपर्यंत पुन्हा घट्ट, आणि मी शहाणा समाधानानं दार लावून वर यायचो. असं दूध बाळाला देता येत नाही, हे नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आईचं दूध मोरीत ओतायचं नसतं, झाडाला घालायचं, असं मंजूच्या घरी मानतात. अंगणात घरमालकाचं ऑलिव्हचं एक झाड होतं. ती त्याच्या आळ्याशी स्टुलावर बसली, आणि एकेका पिशवीचा कोपरा कात्रीनं कापून ती झाडाच्या मुळाशी रिकामी करायला लागली. ऊन चांगलं पडलं होतं. मी मदत करायला गेलो, तर नको म्हणाली. प्रत्येक पिशवीवरची तारीख ती मनात वाचत असावी, कारण ओठ हलत होते. तीन आठवड्यांचं तिचं जागरण तासाभरात मातीत गेलं. आयुष्यात मी स्वतःवर इतका चिडलो नव्हतो.

फ्रिजवर मग मी तुटून पडलो. बटण सातवर नेलं. दाराचं रबर तपासलं, वायर बघितली, गॅस बघितला, स्टॅबिलायझर बदलला. शुक्रवारी दुपारभर तपासलं तर यंत्र ठणठणीत. शनिवारी सकाळी पाहिलं तर पुन्हा बर्फ सुटलेला, आणि कॉम्प्रेसर गप्प. रोज हजारो पोती थंड ठेवणाऱ्या माणसाला एक फ्रिज ऐकेना. कुणाला विचारावं तर नाक कापलं जाणार. आणि मंजूचं दूध त्या धक्क्यानं निम्म्यावर आलं. त्याच आठवड्यात दवाखान्यात बाळाचं दूध वाढवलं होतं. दीड किलोवर आलेली मुलगी आता भूक लागली की रडायला शिकली होती.

रविवारी मला दवाखान्यात उशीर झाला आणि नायफ आपल्या पिकअपमधून घरी सोडायला आला. दूध न्यायचा बर्फाचा डबा ठेवायला मी शटर वर केलं, तसा तोही आत डोकावला. फ्रिजला जोडलेल्या माझ्या वायरी, टेस्टर, सुटं केलेलं झाकण, सगळा दवाखाना तिथे मांडलेला. मंजू तिथेच होती, हात फ्रीझरवर ठेवून. नायफने एकदा फ्रिजकडे बघितलं, एकदा शटरखालच्या फटीकडे.

"मुहंदिस, ये फ्रिज सर्दी में इधर सोता है?" त्याचं हिंदी आमच्या लोडिंगवाल्यांकडून शिकलेलं होतं. मी मान हलवली. तो म्हणाला, "इसको लगता है काम खलास."

मग त्याने सांगितलं. गावाबाहेर त्यांच्या आजोबांची शेती, तिथे एका उघड्या खोलीत फ्रिज. दर हिवाळ्यात मांस वितळायचं. फ्रिजला थंडी कळते ती फक्त खालच्या भागातली, तिथेच त्याचा कान. रात्री गराज इतकं गार की खालचा भाग आपोआप गार राहतो, मग कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, आणि वरच्या फ्रीझरकडे कुणी बघत नाही; दुपारी ऊन चढलं की तेवढा वेळ तो चालतो. तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे बटाट्याच्या खोल्यांमधले हीटर येत होते. मला त्याचं पुढचं वाक्य ऐकायची गरज नव्हती, पण मी ऐकलं. त्याची आई फ्रिजच्या आतला दिवा दिवसरात्र चालू ठेवायची. दार उघडलं की दिवा लावणारं जे छोटं बटण असतं, ते बाहेरच राहील अशी चिकटपट्टी लावायची, म्हणजे दार बंद केलं तरी दिवा विझत नाही. त्या पिवळ्या बल्बच्या उबेनं फ्रिजला वाटतं की आत गरम होतंय, आणि तो कामाला लागतो.

मी मंजूला मराठीत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे ह्यालाही शेक हवा होता." किती दिवसांनी ती हसली होती. नायफला कळलं नाही ती का हसतेय, पण तोही हसला. आम्ही पट्टी लावली, दार लावलं, आणि तिघं कान देऊन उभे राहिलो. दहा मिनिटांनी कॉम्प्रेसरने घरघर केली. दोन हिंदूंनी आणि एका मुसलमानाने एका फ्रिजसमोर हात जोडल्यासारखे धरलेले होते, असं मला आता आठवतं. कदाचित थंडीमुळे असेल.

लहानपणी मला एक प्रश्न छळायचा, की फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का. दार हळूहळू लावत मी फटीतून बघत बसायचो आणि मार खायचो. तबूकच्या त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी दार लावायचो आणि मला ठाऊक असायचं की आत दिवा जळतोय. त्याचा आधार वाटायचा, का ते सांगता येत नाही. पिंपळगावला कडाक्याच्या थंडीत पहाटे वडील द्राक्षांच्या रांगांतून शेकोट्या पेटवायचे, घड तडकू नयेत म्हणून. आम्ही पोरं काटक्या गोळा करायचो. थंडीपासून काही वाचवायचं तर त्याच्या शेजारी थोडीशी आग ठेवायची, एवढं तर मी दहाव्या वर्षीच शिकलो होतो. मग मधल्या वर्षांत मला काय झालं होतं कोण जाणे. माणूस मुहंदिस झाला की असं होत असावं.

मंजूने पंप पुन्हा धरला. सासूबाईंनी फोनवरून मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खसखस असा मारा सुरू केला आणि मी शुक्रवारच्या बाजारात अळीव शोधत फिरलो. अळीव तिथेही मिळतात, रशाद म्हणतात, आणि विकणारी म्हातारी न सांगताच म्हणाली की बाळंतिणीसाठी ना. आठवड्याभरात दूध वाढलं. फ्रीझरमध्ये पुन्हा पिशव्यांची रांग लागली. आता मंजू रोज सकाळी स्वतः खाली जायची, एक पिशवी उचलून भिंतीवर हलकेच आपटून बघायची. टक्क वाजलं की वर येऊन चहा ठेवायची. त्या आवाजानं आमचा दिवस सुरू व्हायचा.

आणि मी वही उघडली. कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाने माझ्याकडून काही न मागता मला त्याच्या आईची युक्ती दिली, त्याच्यापासून दोन नंबरचा खोकला लपवून ठेवायचा, हे माझ्याच्यानं होईना. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टेबलावर मी मराठी वाचून हिंदीत सांगायचो आणि नायफ अरबीत उतरवून घ्यायचा. 'घरचा हिशेब' बघून त्याने पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तो मुलगा हुशार होता. मी सहा वर्षांत जमवलेलं त्याने पंधरा दिवसांत घेतलं, आणि दोन ठिकाणी माझ्या चुकाही काढल्या. एकदा दवाखान्यातून फोन आला, बाळाचा श्वास मधेच अडखळतोय. मी सगळं टाकून पळालो. तीन तासांनी, मुलगी सावरल्यावर, परत आलो तर मागे मोठा कॉम्प्रेसर बंद पडून पुन्हा सुरूही झाला होता. नायफने एकट्याने केलं होतं. एकाही खोलीचं तापमान अर्ध्या अंशानंही हललं नव्हतं.

तेव्हा मला कळलं की आता माझी गरज संपली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त भीती वाटली, कारण जानेवारी संपत आला होता आणि मुलगी एक किलो सातशेवर होती. दूध भरपूर होतं, रोज थोडं थोडं वजन चढत होतं, पण वेळ पुरणार नव्हता. मी कॅलेंडरकडे बघायचं बंद केलं. मंजूने मात्र बघितलं असणार, कारण तिने बॅगा बाहेर काढल्या आणि परत आत ठेवल्या.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, मला बोलावलं. तो चांगलाच तापलेला होता. त्याने टेबलावर एक फॉर्म टाकला. कामं सोपवण्याचा तो फॉर्म, प्रत्येक कामासमोर नायफने लिहून सही करायची, की मला हे एकट्याने येतं. मुदीर म्हणाला, इतके महिने तू ह्या मुलाला शिकवलंस तरी काय, ह्याला काहीच येत नाही. मी फॉर्म बघितला. मोठा कॉम्प्रेसर, गॅसची गळती, खोल्यांचे हीटर, सगळ्या मुख्य कामांसमोर नायफच्या सुबक अक्षरात अरबीत एकच वाक्य होतं: अजून शिकलो नाही. असं असताना मी तुला सोडू शकत नाही, मुदीर कुरकुरत म्हणाला, हा तयार होईपर्यंत थांबावं लागेल.

मी बाहेर आलो. नायफ पिकअपला टेकून उन्हात चहा पीत होता. मी त्याला विचारलं की हे काय लिहिलंस, तुला तर सगळं येतं. नोकरीच्या पहिल्याच कागदावर आपल्याला काही येत नाही असं लिहून द्यायला काय लागतं, हे दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. त्याने दुसरा चहा माझ्या हातात दिला.

"मुहंदिस," तो म्हणाला, "बच्ची को दो किलो होने दो. फिर मैं सब सीख जाएगा."

एकोणीस दिवसांनी, सकाळच्या वजनाला, आमची मुलगी दोन किलो दहा ग्रॅम भरली. नायफ त्याच दुपारी सगळं शिकला.